दिवेलागणीनंतरची परीक्षा

दृष्टी मोजायची म्हणजे तक्ता वाचायचा, ही रीत उत्रेख्तच्या हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये घालून दिली. मालेगावच्या नेत्रतज्ज्ञांकडे आजही त्याच घराण्यातला तक्ता भिंतीवर असतो. पण उजेडात दोनचार ओळी वाचणारं पोर दिवेलागणीला गल्लीत उभ्या सायकलीवर आदळतं, त्याचा जाब तक्ता देत नाही.

रातांधळेपणा दिसला की घरचे गाजर-पपई सुरू करतात. अ जीवनसत्त्व कमी असेल तर गुणही येतो. मात्र आरपीई६५ हे जनुकच सदोष असेल, तर पोटात गेलेलं जीवनसत्त्व डोळ्याला वापरता येत नाही. आई आणि वडील दोघांकडून दोष आला, तरच हा आजार होतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत, मग ती मामेबहिणीशी असोत वा चुलत भावंडांत, त्याचा धोका वाढतो.

या आजारावर जनुकोपचार आला, तेव्हा गुण मोजायचा कसा हा पेच पडला. फिलाडेल्फियात जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर यांच्या गटाने त्यासाठी जमिनीवर बाणांची वाट आखली, तीत अडथळे ठेवले. उजेडाच्या ७ पायऱ्या, १ लक्सपासून ४०० लक्सपर्यंत. पाठांतर होऊ नये म्हणून वाटेच्या १२ मांडण्या. वर्षभरानंतर उपचार घेतलेल्या २० जणांपैकी १३ जण १ लक्सच्या अंधुक उजेडातही पार झाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उपचाराला मान्यता दिली. तक्त्याऐवजी चालण्यावर दृष्टी जोखली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण या परीक्षेला स्वतंत्र खोली हवी, दर वेळी नवी मांडणी हवी, शिवाय ठेच लागायची भीती. म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या टोमास आलेमन आणि सहकाऱ्यांनी ती वाट आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये उतरवली. २०२१ मध्ये त्याचा पहिला पडताळा प्रसिद्ध झाला. बाण आणि अडथळे फक्त डोळ्यांपुरते; त्यांची चमक संगणक कमीजास्त करतो, चुकाही तोच टिपतो.

दिवसरात्र माग चालणाऱ्या, रातपाळीच्या मालेगावात अशी परीक्षा यायलाच हवी. फक्त त्याआधी निरोगी मुलं त्यात कितपत चुकतात याच्या नोंदी हव्यात, आणि ज्यांनी असा हेडसेट कधी पाहिलाच नाही त्या मुलांच्याही. नाहीतर खेळाचा सराव दृष्टीच्या खात्यात जमा होईल.