सरोवरावरील दूरफेक आणि फ्लाय लाईनची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
गळाने मासे धरण्याच्या बहुतेक पद्धतींत आमिषाचे अथवा शिशाचे वजन दोरीला आपल्यामागे ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र पिसे व रेशीम बांधून केलेल्या कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे प्रत्यक्षात फेकली जाते ती दोरी, म्हणजेच फ्लाय लाईन. दोरीचे वजन, जाडी आणि तिचा निमुळतेपणा यांवर फेकीचे अंतर अवलंबून असते. सरोवरावर लांब फेकीची गरज का निर्माण झाली आणि तिने दोरीचे स्वरूप कसे बदलले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

घोड्याचे केस ते रेशीम :
विंकिन द वर्ड याने १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील इंग्रजी ग्रंथात घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोरी करण्याची कृती आढळते. ही दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली असे. अरुंद नदीवर तेवढे पुरेसे होते. एकोणिसाव्या शतकात जवसाच्या तेलावर पोसलेली विणीव रेशमी दोरी प्रचारात आली. ती बारीक व वजनदार असल्याने वाऱ्यातही चांगली जाई. परंतु तरंगण्यासाठी तिला वंगण लावावे लागे आणि वापरानंतर वाळवली नाही तर ती कुजे.

जलाशय आणि काठावरचा मासेमार :
इंग्लंडमध्ये ट्राऊटच्या उत्तम नद्यांचे काठ बहुतांशी खासगी मालकीचे होते. स्कॉटलंडच्या सरोवरांत वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या नावेतून मासेमारी होई; नावच माशांकडे जात असल्याने आखूड फेक पुरत असे. शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या जलाशयांनी ही स्थिती पालटली. सॉमरसेटमधील ब्लॅगडन १९०४ मध्ये मासेमारीसाठी खुले झाले. पुढे १९५६ मध्ये च्यू व्हॅली आणि १९६६ मध्ये सुमारे १५०० एकरांचे ग्रॅफम यांची भर पडली. दिवसाचे तिकीट काढून कोणालाही येथे गळ टाकता येऊ लागला. नाव भाड्याने घेणे न परवडणारा मासेमार काठावरच उभा राही. स्थिर पाण्यात प्रवाह भक्ष्य वाहून आणीत नाही, मासा स्वतः हिंडतो. शिवाय काठावरील वर्दळीने मासे आत सरकतात. म्हणूनच काठावरच्या मासेमाराला लांब फेक हवी होती. टी. सी. आयव्हन्स यांच्या १९५२ मधील 'स्टिल वॉटर फ्लाय-फिशिंग' या ग्रंथाने या वर्गाला पद्धतशीर मार्गदर्शन केले.

दोरीच्या आकारातील बदल :
या गरजेचे तांत्रिक उत्तर अमेरिकेतील फेक-स्पर्धांतून आले. १९३४ साली सेंट लुईस येथे मार्व्हिन हेज यांनी पुढच्या भागात वजन एकवटलेली दोरी वापरून १४७ फुटांची फेक केली. त्यामागील तत्त्व सोपे आहे. दोन्ही टोकांना निमुळत्या दोरीचा मधला भाग सर्वत्र जाड असतो. अंतर वाढते तसा तो कड्यांमध्ये घासतो आणि वेग कमी होतो. पुढे जड व मागे बारीक अशा दोरीत जड भाग हवेत गेला की बारीक भाग सहज त्याच्यामागे धावतो. याच विचाराची पुढची पायरी म्हणजे 'शूटिंग हेड' : सुमारे ३० फूट जड दोरी आणि तिच्यामागे नायलॉनचा बारीक धागा. ब्रिटिश जलाशयांवरील अनेकांनी दोन्ही टोकांना निमुळती दोरी मधोमध कापून घरीच ही हेड तयार केली. एका दोरीच्या पैशात दोन हेड मिळत.

मापनाची पद्धत :
रेशमाच्या काळात दोरी इंग्रजी अक्षरांनी ओळखली जाई; एच म्हणजे ०.०२५ इंच, सी म्हणजे ०.०५० इंच. एकाच पदार्थाच्या दोऱ्यांत जाडीवरून वजन समजत असे. नायलॉन रेशमाहून हलके असल्याने हा संबंध तुटला. १९६१ मध्ये अमेरिकेत पहिल्या ३० फुटांच्या वजनावर आधारित क्रमांक स्वीकारण्यात आले. उदाहरणार्थ, सहा क्रमांकासाठी १६० ग्रेन, म्हणजे सुमारे १०.४ ग्रॅम, आणि आठसाठी २१० ग्रेन, म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम. काठीला पेलेल अशी दोरी निवडणे त्यामुळे नवख्यालाही शक्य झाले.

निष्कर्ष :
लांब फेकीला मर्यादाही आहेत. शूटिंग हेड पाण्यावर जोरात पडते, बारीक धागा गुंततो, आणि पहाटे काठाजवळ चरणारा मासा दूर फेकणाऱ्याच्या पायाशीच राहून जातो. म्हणून शांत पाण्यात व जवळच्या माशासाठी दोन्ही टोकांना निमुळती दोरी, वारा व अंतर असताना पुढे जड असलेली दोरी, आणि केवळ अंतरच महत्त्वाचे असेल तेव्हा हेड, अशी निवड योग्य ठरते. ब्रिटिश जलाशयांपुरते पाहिले तर या बदलांमागे केवळ यंत्रकौशल्य नव्हते. ज्याच्या मालकीची नदी नव्हती आणि ज्याला नाव परवडत नव्हती, त्या सामान्य मासेमाराने काठावरून सरोवराचे पाणी आपल्या कवेत आणण्याचा केलेला तो प्रयत्न होता.