इटलीची लाल वाइन आणि महाराष्ट्राची द्राक्षभूमी

अमरावतीनजीकचे भातकुली म्हणजेच पुराणातील भोजकट नगर होय, असे मानण्याची परंपरा आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने हे नगर वसविले. पुढे येथेच अनिरुद्धाच्या विवाहप्रसंगी द्यूताचा डाव मांडला गेला, आणि खोटे बोलणाऱ्या रुक्मीचा बलरामाने वध केला. हा बलराम वारुणीचा, म्हणजे मद्याचा, मोठा भोक्ता म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच यादवकुळाचा प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत परस्परांच्या हातून संहार झाला, हेही पुराणकारांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदविले आहे. मद्याची आवड व मद्याचे भय या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत अशा शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. वाइनच्या इतिहासाकडे पाहताना हे ध्यानात ठेवणे इष्ट होय.

इटलीची वाइन महाराष्ट्रास आज-कालच ठाऊक झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. पण ती बरोबर नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे सागरप्रवासाचे वर्णन उपलब्ध आहे. त्यात बॅरिगाझा, म्हणजे आजचे भडोच, या बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी दिलेली असून तीत वाइनचा उल्लेख आहे. वाइन अनेक देशांची येई. परंतु पसंती इटलीच्या वाइनला असे, असे तो व्यापारी सांगतो. पैठण आणि तेर या दख्खनच्या दोन बाजारपेठांचाही त्याने उल्लेख केला आहे. तेथून माल गाड्यांत भरून, अवघड वाटांनी, भडोचला नेला जाई. उलट दिशेने वाइनचे रांजण घाटावर आले, याची साक्ष मातीनेच दिली आहे. नेवासे व तेर येथील उत्खननांत रोमन धर्तीच्या ‘अँफोरा’ नामक दुकानी कुंभांची खापरे सापडली. सुमारे पंचवीस लिटरांचा हा कुंभ आतून राळेने लिंपलेला असे व त्याचे बूड निमुळते असे. त्यामुळे जहाजाच्या तळात तो दाटीने उभा रचता येई. सातवाहनांच्या राज्यातील श्रीमंतांच्या घरी टस्कनी-कॅम्पानियाच्या मळ्यांतील द्राक्षांचा रस पोचत होता, आणि येथून मिरी, सुती वस्त्रे व रत्ने रोमला जात होती. भारत दरवर्षी रोमचा पैसा ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने केली ती याच व्यापारास अनुलक्षून.

आता ही लाल वाइन बनते कशी, ते पाहू. टस्कनीतील एखाद्या लहान मळ्यावर मालक, त्याचे कुटुंब व हंगामापुरते आलेले मजूर एवढाच सारा परिवार असतो. तेथील मुख्य द्राक्ष सान्जोवेसे. ‘जुपिटरचे रक्त’ असा त्याच्या नावाचा अर्थ परंपरेने सांगितला जातो. थंडीत वेल निद्रिस्त असतो, वसंतात पालवतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ पिकते. घड हातांनी, शक्यतो पहाटेच्या गारव्यात तोडतात. सडका मणी निवडून टाकतात. नंतर देठ काढून मणी हलके फोडतात. येथे एक गोष्ट विशेष समजून घेण्याजोगी आहे. लाल वाइनचा लाल रंग रसात नसतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस जवळजवळ निरंगच असतो. रंग व तुरटपणा सालीत असतो. म्हणून लाल वाइनसाठी रस गाळून न घेता साली व बिया यांच्यासह हौदात आंबवावा लागतो.

आंबविण्याचे काम किण्व नावाचे सूक्ष्मजीव करतात. ते साखर खातात व मद्यार्क आणि कर्बवायू उत्पन्न करतात. लिटरमागे सुमारे सतरा ग्रॅम साखर सरली की मद्यार्काचा एक अंश वाढतो. म्हणून पिकलेल्या द्राक्षाच्या गोडीवरून वाइनचा कडकपणा आधीच वर्तविता येतो. कर्बवायूच्या फेसाने साली वर येऊन जाड साय धरतात. ती दिवसातून दोन-तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबावी लागते. न दाबल्यास ती वाळून आंबट होते. हाच कर्बवायू बंद तळघरात साचला तर माणूस गुदमरतो. पूर्वी कामकरी हाती जळती मेणबत्ती घेऊन खाली उतरत. ज्योत विझली की पाय मागे. पंचवीस ते तीस अंश उष्णतेत आठ-दहा दिवस हे किण्वन चालते. मग रस वेगळा काढून साली दाबून पिळतात. पुढे दुसरी एक मंद क्रिया होते: सफरचंदातला तीव्र आंबटपणा ज्या अम्लाने येतो, त्याचे रूपांतर दह्यातील सौम्य अम्लात होते. तदनंतर वाइन ओकच्या पिंपांत महिनोन्महिने मुरते, गाळ खाली बसतो, आणि ती हळूच एका पिंपातून दुसऱ्यात ओतली जाते. घाई केली तर कष्ट वाया जातात.

हे सारे शास्त्र फार प्राचीन काळापासून अनुभवाने चालत आले. पण त्याचे कारण कळले ते एकोणिसाव्या शतकात. फ्रान्सची वाइन खराब का होते, हा प्रश्न तिसऱ्या नेपोलियनने 1863 मध्ये लुई पाश्चर यांच्यापुढे ठेवला. 1866 मध्ये पाश्चर यांनी वाइनवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून सूक्ष्मजीवांचा हात दाखवून दिला. आपल्याकडील वैद्यांच्या द्राक्षारिष्टातही हेच तत्त्व आहे. त्यात घातल्या जाणाऱ्या धायटीच्या फुलांचा किण्वनास उपयोग होतो. मेळघाटातील मोहफुलांची दारू काढतानाही आंबणे प्रथम येते, ऊर्ध्वपातन मागाहून.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा उद्योग विसाव्या शतकाच्या अखेरीस नारायणगाव व नाशिक या भागांत रुजला आणि 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर करून त्यास उत्तेजन दिले. येथील द्राक्षवेलाचे वैशिष्ट्य असे की तो इटलीतल्याप्रमाणे थंडीत झोपत नाही. म्हणून शेतकरी त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतो: उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी व पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ जानेवारी ते मार्च या काळात तयार होते. पुढे इटलीच या मातीत उतरली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी व अकलूजचे मोहिते-पाटील या तीन घराण्यांतील भावांनी एकत्र येऊन सोलापूर जिल्ह्यात ‘फ्रातेल्ली’, म्हणजे ‘भाऊ’, हा मळा उभा केला. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांचे मार्गदर्शन त्यास लाभले, आणि सान्जोवेसेचे वेल माळशिरसच्या उन्हात वाढू लागले.

परंतु सर्वच कहाणी अशी सुखाची नाही. 2008 नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा कारखान्यांच्या भरवशावर वाइनची द्राक्षे लावणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. ही द्राक्षे बारीक व बियांची असल्याने खाण्याच्या बाजारात त्यांस गिऱ्हाईक नसते. अनेकांनी वेल उपटून टाकले. जो वेल फळावर यायला तीन वर्षे लागतात, तो एका दिवसात उपटला जातो. वऱ्हाडास हे दुःख नवीन नाही. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला, त्यामागे येथील कापसाचाही मोह होता. पुढे रेल्वेने कापूस मुंबईस व मँचेस्टरास गेला, पण कापडाचा नफा पिकविणाऱ्याच्या घरी आला नाही. जो कच्चा माल विकतो, त्याच्या हाती भाव नसतो.

टस्कनीच्या लहान मळ्याचा खरा धडा येथे आहे. तेथे पिकविणारा व बनविणारा बहुधा एकच असतो; ज्यांना एकट्याने तळघर परवडत नाही, ते गावच्या सहकारी वाइनगृहात द्राक्षे घालतात व नफ्याचे वाटेकरी होतात. महाराष्ट्रास ही रीत परकी नाही. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच तत्त्वावर.

वाइन प्यावी की न प्यावी, हा प्रश्न निराळा. राज्यघटनेचे 47 वे कलम मद्यनिषेधाचा आदर्श पुढे ठेवते, आणि वऱ्हाडाशेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याच्या स्मृतीने दारूबंदी आहे. प्रभासच्या यादवांची गोष्ट विसरून चालणार नाही. तथापि पिणाऱ्याचा दोष पिकविणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. नेवाशाच्या मातीतून निघालेली ती खापरे कुंभाराची व व्यापाऱ्याची आठवण देतात. ज्याने ती द्राक्षे पिकविली, त्याचे नाव त्यांवर नाही. दोन हजार वर्षांनंतर तरी ते तसेच निनावी राहू नये.