जवाहीर, तब्येत आणि ॲरिस्टॉटल

ग्रीक तत्त्वज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक म्हणतो, अरबांनी ग्रीकांची पुस्तके सांभाळून युरोपला पोचवली, काम पोस्टमनचे. दुसरा म्हणतो, फलसफा म्हणजे ईमान बिघडवणारी गोष्ट. दोघांनीही एका शब्दाचा प्रवास पाहावा, असे मला वाटते. तो शब्द म्हणजे 'जौहर'.

आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मिलेटस नावाचे ग्रीक शहर होते. इ.स.पू. सहाव्या शतकात तिथला थेलीस म्हणाला, सगळ्याचे मूळ पाणी. ॲनॅक्सिमँडर म्हणाला, मूळ हे अमर्याद आहे, त्याला पाणी किंवा आग असे नाव देता येत नाही. ॲनॅक्सिमेनीसने हवा सांगितली. उत्तरे वेगळी, प्रश्न एकच: हे सारे आले कशातून? या मुळाला ग्रीक शब्द 'आर्खे'.

ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. 384-322) प्रश्न आणखी खोल नेला. घोडा तांबडा असतो, थकलेला असतो, म्हातारा होतो. रंग किंवा थकवा घोड्याला सोडून एकटा हिंडत नाही. घोडा मात्र स्वतःच्या आधाराने उभा असतो. अशा आधाराला त्याने 'ऊसिया' म्हटले. पण घोडा म्हणजे नुसता हाडामांसाचा ढीगही नव्हे. त्या द्रव्याला घोड्याचे रूप लाभते, तेव्हाच तो घोडा.

नवव्या शतकात अल-किंदीसाठी उस्तात नावाच्या अनुवादकाने हा ग्रंथ अरबीत आणला. त्याचे नाव झाले 'मा बाद अत्-तबीआ', म्हणजे निसर्गविचारानंतरचे. आपली 'तब्येत' याच तबीआच्या कुळातली. ऊसियासाठी अरबीत 'जौहर' रूढ झाला. तो मूळ फारसी 'गौहर', म्हणजे रत्न. त्याचे अनेकवचन जवाहिर. आपले जवाहीर आणि जवाहिऱ्या तिथूनच आले.

इब्न सीनाने (980-1037) हा ग्रंथ चाळीस वेळा वाचला, तरी उमगेना. मग बुखाऱ्याच्या बाजारात तीन दिरहमला अल-फाराबीचे छोटे पुस्तक मिळाले आणि गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी त्याने आनंदाने गरिबांना दानधर्म केला, असे तो स्वतःच सांगतो. पुढे त्याने विचारले: घोडा म्हणजे काय हे कळले, म्हणून घोडा आहे हे ठरते का? नाही. मग असणे येते कुठून? ज्याचे असणे कुणाकडून उसने नाही, अशा एकापर्यंत तो पोचला: वाजिबुल वुजूद. ॲरिस्टॉटलचा आदिचालक जगाला गती देतो. इब्न सीनाचा खुदा अस्तित्वच देतो. हे पोस्टमनचे काम नव्हे.

आता दुसऱ्या मताकडे. इमाम गझालींनी 1095 च्या सुमारास 'तहाफुतुल फलासिफा' लिहून वीस मुद्द्यांवर तत्त्वज्ञांना घेरले. जग अनादि आहे, या मतासह तीन मुद्दे त्यांनी थेट कुफ्र ठरवले. पण त्याच गझालींनी तत्त्वज्ञांची मते नीट मांडणारा वेगळा ग्रंथही लिहिला. पुढच्या शतकात कुर्तुब्याच्या इब्न रुश्दने त्यांना ग्रंथानेच उत्तर दिले. इतकेच काय, कलामच्या आलिमांनी 'जौहर' हाच शब्द घेऊन तो अविभाज्य कणासाठी वापरला.

म्हणजे विरोध करणारेही आधी वाचत होते. आज वर्गात मुले विचारतात, 'सर, हे आपले की त्यांचे?' मी फळ्यावर तीन शब्द लिहितो: ऊसिया, जौहर, जवाहीर. मग सांगतो, प्रश्न विचारणाऱ्याचा असतो. आपल्या बुजुर्गांनी तो विचारला. आपण विचारतो का, एवढेच पाहायचे.