साथीच्या दिवसांतला नेम



पंढरीची वाट आणि साथीचे रोग यांची गाठ फार जुनी. इंग्रजी अमदानीत यात्रेत पटकी शिरली की सकाळी टाळ धरलेला वारकरी संध्याकाळपर्यंत डोळे मिटी. दोष दूषित पाण्याचा, हे लोकांना ठाऊक नव्हते. कोणी देवीचा कोप म्हणे, कोणी करणी. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीचा जंतू वेगळा काढून दाखवला. पुढे यात्रेआधी पटकीची सुई टोचून घ्यावी लागे, हे माझ्या वयाच्या वारकऱ्यांना आठवत असेल. सुई घेतली म्हणून कोणाची निष्ठा उणी झाली नाही.

भय मात्र पाण्यातून येत नाही, ते कानातून येते. १८९७ चा पुण्यातला प्लेग पाहा. गोरे सोल्जर घरांत शिरून रोगी शोधू लागले, तेव्हा धास्तावलेल्या लोकांनी आपलीच आजारी माणसे दडवली. दडवल्याने रोग थांबला नाही, उपचार मात्र राहिले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात पोचवीत होत्या. त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. मरण त्यांनाही दिसत होते. पण सेवेला लागलेल्या मनात भयाला बसायला पाट मिळत नाही.

आता आपला काळ. १७ मार्च २०२० ला पंढरीच्या मंदिराचे दार दर्शनाला बंद झाले. १ जुलैच्या आषाढीला संतांच्या पादुका एस.टी. बसने गेल्या. २०२१ सालीही आपल्या विदर्भातल्या कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेसह दहा मानाच्या पालख्या बसनेच गेल्या. दिघोरीपासून देहूपर्यंत नेमाचे वारकरी उंबऱ्याआड बसले. रोगापेक्षा ‘वारी चुकली’ या दोन शब्दांनीच कित्येकांची झोप उडवली.

पण माउली, जरा विचार करा. देव विटेवर उभा का? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, म्हणून त्याने देवाला थांबवले. देव थांबला, रागावला नाही. मग घरातल्या म्हाताऱ्यांना लागण होऊ नये म्हणून आपण दोन आषाढ्या थांबलो, तर वारी चुकली कशी? ती तर पुंडलिकाच्याच वाटेने झाली. २०२२ साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा वाट तीच होती.

चिंता आणि काळजी यांत भेद करा. चिंता उद्याचे मरण आज मोजते. काळजी आज पाणी उकळायला लावते. साथ पुन्हा येईल तेव्हा बातमी दिवसातून एकदाच ऐका, तीही जाणत्याकडून. ऐकीव गोष्ट पुढच्या कानी घालू नका. ताप अंगावर काढू नका, दडवू नका, दवाखाना गाठा. हरिपाठाची वेळ मोडू नका, कारण ठरल्या वेळेचे नाम भरकटलेल्या मनाला खुंट्याला बांधते. छाती धडधडू लागली तर सावकाश श्वास घेत नाम घ्या. तरीही झोप लागेना, घास उतरेना, तर तेही डॉक्टरला सांगा. त्यात भक्तीला कमीपणा नाही.

आणि गल्लीत एकटे कोण आहे, याची रोज चौकशी करा. दिंडीत मागे पडलेल्यासाठी आपण थांबतोच ना?