मशाल कोणाच्या हाती? गोंदियाच्या शालेय मैदानापासून दिल्लीच्या एशियाडपर्यंत

१/ धानाची कापणी आणि मळणी आटोपली की गोंदिया जिल्ह्यात शालेय क्रीडा महोत्सवांचे दिवस सुरू होतात. फक्कीने आखलेल्या मैदानावर एखादा विद्यार्थी पेटती मशाल घेऊन फेरी मारतो, त्यानंतर शपथ होते आणि मग कबड्डी, खो-खोचे सामने रंगतात. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या मुलाच्या हाती दिसणारी ही क्रीडाज्योत आली कोठून? आणि ती कोणाच्या हाती द्यायची, हे इतिहासात कसे ठरत गेले?

२/ प्राचीन अथेन्समध्ये प्रॉमिथिअसच्या सन्मानार्थ मशालींची शर्यत होत असे. मानवासाठी देवांकडून अग्नी हिरावून आणणारा, अशी त्याची पुराणकथा. या शर्यतीत सर्वांत आधी पोहोचणे पुरेसे नव्हते. पोहोचताना मशाल पेटती असावी लागे. मात्र प्राचीन ऑलिंपिक स्पर्धांमध्ये मशालदौड नव्हती. अनेकांना अतिप्राचीन वाटणारी ही प्रथा प्रत्यक्षात विसाव्या शतकातील आहे.

३/ आधुनिक ऑलिंपिकमध्ये ज्योत प्रथम पेटली ती १९२८ साली, अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडियममधील मनोऱ्यावर. ती पेटवण्याचा मान ना राजाला मिळाला, ना विजेत्या खेळाडूला. शहराच्या वीजपुरवठा विभागातील एका कर्मचाऱ्याने आपले नेहमीचे काम करावे तशी ती पेटवली. पुढे ज्या क्षणासाठी देशोदेशींचे लोक श्वास रोखून बसू लागले, त्याचा आरंभ असा साधा होता.

४/ ऑलिंपियाहून यजमान नगरापर्यंत मशाल धावत नेण्याची कल्पना १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची. ती कार्ल डीम यांनी मांडली. २० जुलै रोजी ऑलिंपियात सूर्यकिरणांनी ज्योत पेटली, कॉन्स्टँटिनॉस कोंडिलिस हा पहिला धावपटू ठरला आणि तीन हजारांहून अधिक धावपटूंनी सात देशांतून ती १ ऑगस्टला बर्लिनला पोहोचवली. नाझी राजवटीने या सोहळ्याचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला. मशालीचा हा वारसा निष्कलंक नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

५/ मग युद्धानंतर ती प्रथा टाकून का दिली नाही? कारण तिला दुसरा अर्थ देता आला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी मशाल उचलणारा पहिला धावपटू ग्रीक सैन्यातील कॉर्पोरल दिमित्रेलिस होता. त्याने आधी शस्त्र खाली ठेवले, सैनिकी गणवेश उतरवला आणि मग खेळाडूच्या वेशात मशाल हाती घेतली. प्राचीन ऑलिंपिकमधील युद्धविरामाची ती आठवण होती.

६/ १९६४ मध्ये टोकियोने हा अर्थ आणखी खोल केला. अखेरचा मशालवाहक योशिनोरी साकाई हा १९ वर्षांचा विद्यार्थी होता. जपानच्या ऑलिंपिक संघात त्याला स्थान मिळालेले नव्हते. त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९४५ चा, हिरोशिमा प्रांतातील. म्हणजे अणुबॉम्ब पडला तोच दिवस. पदकाऐवजी आयुष्य पाहून मशालवाहक निवडता येतो, हे जगाने तेव्हा पाहिले.

७/ भारतात ४ मार्च १९५१ रोजी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू झाल्या. तेथे अखेरचे मशालवाहक होते १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले ब्रिगेडियर दलीप सिंग. एकतीस वर्षांनी, १९ नोव्हेंबर १९८२ रोजी, एशियाड पुन्हा दिल्लीत आले. ‘अप्पू’ हत्तीचे आणि रंगीत दूरचित्रवाणीचे ते वर्ष. जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये हॉकीपटू बलबीर सिंग आणि धावपटू डायना सिम्स यांनी ज्योत प्रज्वलित केली. याच एशियाडच्या मशालदौडीत एक मराठी मल्लही होता, वय वर्षे ५६. नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

८/ खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. घरात कुस्ती होतीच. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाण्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. मातीत घडलेला हा मल्ल तेथे प्रथमच मॅटवर, परक्या नियमांनी लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

९/ १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पुन्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ज्या देशाचे नाव घेऊन तो लढणार होता, त्या देशाच्या तिजोरीपेक्षा गोळेश्वरच्या चुली आणि एका शिक्षकाचे घर त्याच्या अधिक कामी आले.

१०/ हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव्ह यांच्याकडून ते हरले. पुढे त्यांनाच सुवर्ण आणि रौप्य मिळाले. इशीशी झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला भारतीय पदाधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. तरीही कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

११/ परतल्यावर १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवून त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले, अशी आठवण आजही सांगितली जाते. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढची सुमारे २७ वर्षे देशाच्या लेखी ते एक सामान्य पोलीस अधिकारी होते. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले.

१२/ म्हणूनच १९८२ च्या मशालदौडीला वेगळे मोल आहे. पदकानंतर तीस वर्षांनी राष्ट्रीय क्रीडासोहळ्यात खाशाबांना स्थान मिळाले, तेही अनेकांपैकी एक मशालवाहक म्हणून. यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत त्यांना ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म सन्मान. भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते थेट १९९६ मध्ये, लिअँडर पेस यांच्यामुळे. मधली ४४ वर्षे तो विक्रम एकट्या खाशाबांचा होता.

१३/ जगाने पुढे सामान्य माणसाला मशाल देण्याची रीतच घातली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी लोकांकडून नावे मागवण्यात आली. शेजाऱ्याची शुश्रूषा करणारे, वस्तीतील मुलांना खेळ शिकवणारे, आजाराशी झुंजणारे असे सुमारे ८,००० जण ७० दिवसांत मशाल घेऊन चालले वा धावले. त्या सोनेरी मशालीवर तितकीच, ८,००० छिद्रे होती. प्रत्येक मशालवाहकासाठी एक.

१४/ खाशाबांचे ऋण देशाने उशिरा मान्य केले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला.

१५/ खाशाबा दिल्लीत धावले तेव्हा गोंदिया जिल्हा अस्तित्वातही नव्हता. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला. आज देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या मैदानावर मशाल धरणाऱ्या मुलालाही बुटांसाठी, प्रवासासाठी, सरावासाठी कोणाच्या तरी वर्गणीची गरज भासू शकते. गोळेश्वरने आपल्या मुलासाठी ती काढली होती. मशाल एका फेरीपुरती हाती येते. फेरी संपल्यावर त्या मुलामागे कोण उभे राहते, यावरच पुढचा खाशाबा घडेल की हरवेल, हे ठरणार आहे.