द्रुतगती मार्गावरील मार्गिकेची शिस्त

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून नियमित ये-जा करणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते, ती उजव्या मार्गिकेतून संथपणे चालणाऱ्या ट्रकची. हॉर्न वाजवून, दिव्यांची उघडझाप करूनही ट्रक बाजूला होत नाही आणि अखेर वैतागलेला मोटारचालक डावीकडून गाडी पुढे काढतो. हा प्रकार इतका नित्याचा झाला आहे की, त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतच नाही. अपघातांची साखळी मात्र अनेकदा येथूनच सुरू होते.

मार्गाची रचना

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने उभारलेला हा मार्ग २००२ साली पूर्णपणे वाहतुकीसाठी खुला झाला. कळंबोली ते किवळे अशी त्याची लांबी सुमारे ९४.५ किलोमीटर असून सहा पदरी, काँक्रीटचा आणि प्रवेशावर नियंत्रण असलेला हा देशातील पहिला द्रुतगती मार्ग होय. २००९ मध्ये त्याला यशवंतराव चव्हाण यांचे नाव देण्यात आले. दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना येथे मज्जाव आहे. प्रत्येक दिशेच्या तीन मार्गिकांची कामे वाटून दिलेली आहेत. डावी अवजड वाहनांसाठी, मधली मोटारींसाठी आणि उजवी केवळ पुढील वाहनास ओलांडण्यासाठी. सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. घाटात ती बरीच कमी होते.

बोरघाटात या रचनेवर ताण येतो. अडोशी बोगद्याजवळ जुना महामार्ग द्रुतगती मार्गाला येऊन मिळतो आणि खंडाळ्याजवळ पुन्हा वेगळा होतो. मधल्या टप्प्यात दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत सामावून घ्यावी लागते. शनिवार-रविवारच्या कोंडीचे मूळ बव्हंशी येथे आहे. १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आल्याने एक अडसर दूर झाला. खोपोली ते कुसगाव या पर्यायी मार्गाचे, म्हणजेच ‘मिसिंग लिंक’चे, काम २०१९ मध्ये सुरू झाले, तेही हा टप्पा टाळण्यासाठीच.

वेगापेक्षा वेगातील तफावत

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. समोरचा धोका ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ४० मीटर रस्ता मागे पडलेला असतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबण्यास आणखी ५० ते ६० मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर शंभर मीटरच्या घरात जाते. पावसाळ्यात ते आणखी वाढते.

घाटाच्या चढणीवर भरलेला ट्रक ताशी ४० किलोमीटरने चालत असेल आणि मागून १०० च्या वेगाने मोटार येत असेल, तर दोहोंमधील शंभर मीटरचे अंतर अवघ्या सहा सेकंदांत संपते. सर्व वाहने एकाच गतीने चालली तर मोठा वेगही काही प्रमाणात निभावतो. पण एकाच मार्गिकेत ४० आणि १०० चा वेग एकत्र आला की चुकीला जागा उरत नाही. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे माडप बोगद्याजवळ मोटार पुढील अवजड वाहनावर आदळून माजी आमदार विनायक मेटे यांचे निधन झाले. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरात १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी रस्त्यांवर प्राण गमावले आणि सुमारे एकपंचमांश अपघात मागून धडकण्याचे होते.

ट्रकचालकाची बाजू

ट्रकचालकाला बेपर्वा ठरवणे सोपे आहे. तो डावी मार्गिका टाळतो, त्यामागे सवयीचा मोठा भाग असतो. देशातील बहुसंख्य महामार्गांवर डावी कड म्हणजे उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या, ट्रॅक्टर, उभी वाहने आणि गुरे. तेथे उजवीकडे राहणे हाच शहाणपणा ठरतो आणि तोच धडा चालक द्रुतगती मार्गावर घेऊन येतो. शिवाय चढणीवर एकदा गती मोडली की भरलेला ट्रक पुन्हा वेग धरण्यास फार वेळ घेतो. त्यामुळे पुढचा ट्रक किंचितही संथ झाला तरी त्याला ओलांडण्याचा मोह होतो.

हा मोह मागच्या साऱ्यांना महागात पडतो. ताशी ६२ किलोमीटरने चालणारा ट्रक ५८ ने चालणाऱ्या ट्रकला ओलांडू लागला, तर आवश्यक पन्नास मीटरची आघाडी मिळवण्यास त्याला पाऊण मिनिट लागते. तेवढ्या वेळात दोघे मिळून पाऊण किलोमीटर रस्ता अडवतात.

डावीकडून काढलेली वाट

मग मोटारचालक डावीकडून निघतो. ट्रकचालक उजव्या आसनावर उंचावर बसलेला असतो. त्याच्या डाव्या कुशीला लागून आलेली मोटार आरशात दिसेलच असे नाही. तो त्याच क्षणी डावीकडे वळला तर मोटारीला सुटकेला जागा नसते. दुसरा धोका याहून मोठा आहे. बिघडलेली वाहने डाव्या कडेलाच थांबतात. ट्रकच्या आडून बाहेर पडलेल्या चालकाला ती दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

थांबलेले वाहन किती घातक ठरते, हे ५ जून २०१६ रोजी पनवेलनजीक शेडुंगजवळ दिसले. थांबलेल्या मोटारींवर खासगी बस आदळून १७ जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच टायर फुटल्यास गाडी शक्य तितकी कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि गाडीच्या बऱ्याच मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा. सर्व प्रवाशांनी डाव्या बाजूने उतरून लोखंडी कठड्यापलीकडे उभे राहावे. गाडीत बसून मदतीची वाट पाहणे सर्वांत धोक्याचे.

घाट उतरताना

मुंबईकडे उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड जुनी आहे. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर निकामी होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक आजही तितकाच खरा आहे. नियंत्रण सुटलेले वाहन केवळ आपल्याच बाजूला राहत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोच्या धडकेत अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांचा मृत्यू झाला. १३ जून २०२३ रोजी कुणे पुलावर उलटलेल्या टँकरमधील पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडून तेथील माणसेही दगावली.

घाईचा हिशेब

संपूर्ण ९४.५ किलोमीटर ताशी १०० च्या वेगाने कापल्यास सुमारे ५७ मिनिटे लागतात आणि १२० ने ४७. वाचतात ती जेमतेम दहा मिनिटे, तीही घाट आणि टोलनाके वगळले तर. प्रत्यक्षात हा लाभ चार-पाच मिनिटांवर येतो आणि वाशी किंवा वाकडच्या पहिल्या सिग्नलला संपून जातो.

सुधारणा शक्य आहे

२०१६ मध्ये या मार्गावर १५१ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्र समूह यांनी ‘शून्य मृत्यू मार्ग’ उपक्रम हाती घेतला. उघडे काँक्रीटचे कोपरे झाकणे, कठडे बसवणे, थांबलेली वाहने त्वरेने हटवणे, वेगतपासणी अशी ही साधी कामे होती. २०२० पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. त्यात टाळेबंदीचाही वाटा होता, परंतु घट त्याआधीच सुरू झाली होती. २०२४ मध्ये कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा कार्यान्वित झाली आणि वेगाबरोबरच मार्गिकेचा भंगही टिपला जाऊ लागला.

कॅमेरा दंड करू शकतो. पण उजवी मार्गिका मोकळी ठेवण्याचा निर्णय चालकालाच घ्यावा लागतो. हा नियम मोटारींनाही तितकाच लागू आहे. ताशी ८० ने उजव्या मार्गिकेत निवांत चालणारी मोटारही मागच्याला डावीकडे ढकलतच असते. ओलांडून झाले की मधल्या मार्गिकेत परत यावे. पुढच्या वाहनापासून किमान तीन सेकंदांचे अंतर राखावे. मागच्या आसनावरही सीट बेल्ट लावावा, कारण कायद्याने तो तेथेही बंधनकारक आहे. आणि समोरचा ट्रक हलत नसेल, तर तो हलेपर्यंत थांबावे. त्यात जाणारी पाऊण मिनिट घरी पोहोचल्यावर कोणाच्या लक्षातही राहत नाही.