मोटारीतील वातानुकूलन व हीटर : देखभाल आणि दुरुस्ती

मोटारीतील हवा थंड वा उबदार राखणाऱ्या यंत्रणेची निगा. इंजिनावर चालणाऱ्या मोटारीत या यंत्रणेचे दोन बंदिस्त फेरे असतात. एसीच्या फेऱ्यात कॉम्प्रेसर शीतक वायू दाबतो, रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन तो द्रव होतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हने दाब उतरवल्यावर डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रव केबिनची उष्णता शोषत पुन्हा वायू बनतो. हीटरच्या फेऱ्यात इंजिनाचे तापलेले कूलंटच एका छोट्या रेडिएटरमधून फिरते. शीतक किंवा कूलंट पेट्रोलासारखे जळून संपत नाही. ते लक्षात येण्याइतके घटले, तर गळती आहे असेच धरावे लागते. म्हणून ती न शोधता नुसता गॅस भरणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

लहान मोटारीत शीतक साधारण अर्धा किलो असते आणि कॉम्प्रेसरचे वंगणतेल त्याच्याबरोबरच फिरते. त्यामुळे गळतीतून वायूबरोबर तेलही जाते. दाब फार उतरला की हवा व ओलावा आत शिरतो, त्यातून आम्ल तयार होऊन धातू गंजतो आणि अखेर तेलावाचून कॉम्प्रेसर जाम होतो. म्हणून दुरुस्ती करताना आधी एसीच्या फेऱ्यातील जास्त व कमी दाबाच्या दोन्ही बाजूंचे दाब मोजतात. नायट्रोजन भरून किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग सोडून गळतीची जागा शोधतात. खराब ओ-रिंग, नळी वा कॉइल बदलतात. मग व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा काढून बॉनेटखालच्या पट्टीवर दिलेल्या वजनाइतकेच शीतक भरतात. अंदाजाने जास्त भरले, तर दाब चढून गारवा उलट घटतो.

रबरी नळ्या व सील यांतून थोडा वायू झिरपतोच, हा आक्षेप खरा आहे. पण त्या झिरपण्याचा परिणाम जाणवायला वर्षे लागतात. एका उन्हाळ्यात भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नसेल, तर त्याला झिरपणे म्हणता येणार नाही. तपासणीपेक्षा गॅस स्वस्त पडतो, हा हिशेबही कॉम्प्रेसर बदलण्याची वेळ आली की कोसळतो. शिवाय गारवा कमी होण्यामागे गॅसच असतो असे नाही. तुंबलेला केबिन फिल्टर, धुळीने भरलेला कंडेन्सर, बंद पडलेला पंखा किंवा गरम-थंड हवा मिसळणारी अडकलेली झडप यांनीही तेच लक्षण दिसते. गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी कॉइलवर साचलेल्या बाष्पाचे असते, त्यात बिघाड नाही. काचेवर तेलकट धुके आणि केबिनमध्ये गोडसर वास मात्र हीटरच्या गळतीची खूण आहे. तिथे केवळ कूलंटची भर घालत राहिल्यास इंजिन तापण्याचा धोका असतो.

हा प्रश्न मालकाच्या खिशापुरता नाही. ओझोनचा थर विरळ करणारे आर-१२ हे शीतक १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागे पडले. त्याच्या जागी आलेले आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात ते कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक तापमानवाढ घडवते. त्याच करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा शीतकांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचे ठरवले आणि २०२१ मध्ये भारताने तिला मान्यता दिली. म्हणून जुने शीतक हवेत न सोडता यंत्राने परत काढून घेणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. बिलावर ‘गॅस भरला’ एवढीच नोंद पुरेशी नाही; गळती कुठे होती, किती ग्रॅम काढला आणि किती भरला, हे ग्राहकाने विचारावे आणि मेकॅनिकने लिहून द्यावे.